डालग्याखालची बावीस

वेदिकाने पिल्लू उचललं, डाव्या हातात त्याचे पाय धरले, उजव्या हाताची दोन बोटं मानेमागे घातली आणि ओढलं. वाळकी काडी मोडावी एवढाच आवाज झाला. पंख दोनदा फडफडले. पिल्लू पाटीत टाकून ती नळाकडे हात धुवायला निघाली, भांडी घासून उठलेली बाई जाते तशी.

जाळीशी मालनबाई उभी होती. ती सुनेला जेवायला हाक मारायला आली होती. गुडघ्यांनी जेरीला आणल्यापासून ती शेडकडे फारशी फिरकत नसे.

“वेदिके! अगं काय केलंस हे?”

वेदिका दचकली. “लंगडं होतं, आई. कोपऱ्यात बसून होतं.”

“म्हणून मान मोडायची?”

“जे पायावर उठत नाही ते काढायचंच असतं. नाहीतर बाकीचे तुडवतात त्याला, टोचून टोचून रक्त काढतात. दाण्यापर्यंत पोचत नाही ते. उपाशी मरतं.”

“म्हंजे आजचं हे पहिलं नाय?”

“बॅच येऊन अकरा दिवस झाले. एखाद-दुसरं रोज निघतंच.”

मालनबाई तिथेच उंबऱ्यावर टेकली. वेदिकाला तिसरा महिना लागला होता. मागच्या वर्षी असाच तिसरा लागला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. घोटीच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा पोरीच्या तोंडावर माशी बसली तर उठवायचं भान नव्हतं तिला. आणि आता तीच पोर, पोटात जीव घेऊन, रोज सकाळी जीव घेत होती.

मालनबाईच्या माहेरी आणि सासरीही एक नेम होता. घरात पोटुशी असली की नवरा-बायकोने जीव मारायचा नाही. साप निघाला तर शेजाऱ्याला हाक मारायची. योगेश पोटात होता तेव्हा भाताच्या खाचरात खेकडे हाताला लागायचे, ताटाएवढे, आणि तिचा नवरा नाथा ते परत पाण्यात सोडून द्यायचा. गडी हसायचे. “नाथाभाऊ, बायको पोटुशी हाय का तूच?” नाथाही हसायचा, पण खेकडा सोडायचा. नुसतं मारायचं नाही एवढंच नव्हे, पोटुशीच्या कानावर मारल्याची गोष्टसुद्धा घालायची नाही. कोणी बोकड कापल्याचं सांगायला लागलं की सासूबाई दारातूनच ओरडायच्या, “हळू बोला, घरात पोर हाय.”

आता नाथा नव्हता. त्याच्या खळ्याच्या जागी पत्र्याचं लांबच लांब शेड उभं होतं आणि त्यात चार हजार पांढरी पिल्लं तुसावर चिवचिवत होती. योगेश गोंदे गावातल्या कारखान्यात पाळीवर जाई. शेड वेदिकाचं. ती देवळाली कॅम्पातली, बाजारात वाढलेली, शेण कधी हातात न धरलेली. पण तिनेच नाशिकला जाऊन शिकून घेतलं, तिनेच पिल्लं-दाणं देणाऱ्या कंपनीच्या माणसांना जागा दाखवली. ही पहिली बॅच. ही नीट गेली तर कंपनी दुसरी देणार होती. नाही गेली तर शेड रिकामं.

मालनबाईच्या गावठी कोंबड्यांना या शेडपायी घर सोडावं लागलं होतं. आवारात दुसरा पक्षी चालत नाही, असं कंपनीचा डॉक्टर प्रफुल्ल पहिल्याच दिवशी बजावून गेला. तिने अकरा कोंबड्या आणि एक तुर्रेबाज कोंबडा वाडीच्या दुसऱ्या टोकाला बयाबाईकडे नेऊन सोडला. कोंबड्या झाकायची रिकामी डालगी तेवढी जुन्या गोठ्यात राहिली.

“ऐक माझं,” ती उठत म्हणाली. “उद्यापासून हे काम माझं. तू पाणी बघ, दाणं बघ. लंगडं-पांगळं मी काढीन.”

“तुम्हाला जमेल?”

“सत्तर वर्षं कोंबड्यांत गेली माझी.”

“तसं नाही. मान...”

“गप! नाव काढू नको. जमंल मला.”

वेदिकाने नळ सोडला आणि हात धुतले. तुसाच्या आणि विष्ठेच्या वासाने तिला सकाळी सकाळी मळमळायचं, हे खरंच होतं. “बरं. पण किती निघाले ते मला रोज सांगायचं. पाचच्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा आहे.”

“सांगंन की.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच मालनबाई पाटी घेऊन शेडमध्ये शिरली. पिल्लं तिच्या पायांपुढून पाणी फाटावं तशी दोन्हीकडे सरली. जी सरली नाहीत ती चार होती. एक पाय पुढे, एक मागे टाकून बसलेली. तिने त्यातलं एक उचललं. छातीत काळीज टिकटिकत होतं. पंजाची बोटं आत वळलेली. तिने वेदिकाने केलं तसं पाय डाव्या हातात धरले, बोटं मानेमागे नेली. पिल्लाने मान वळवून तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं.

हे घर काही माळकऱ्यांचं नव्हतं. कोंबडी खाल्ली जायची, पण सुरी नाथाच्या हातात असायची आणि कापलेली कोंबडी धडधाकट असायची. लंगड्याला कापायची रीत नव्हती. लंगड्याच्या पायाला कामटी बांधायची, हळद लावायची, डालग्याखाली ठेवून उन्हात धरायचं. तिच्या आजीने एका तुटक्या पायाच्या तलंगीला असं जगवलं होतं आणि ती तलंग पुढे सहा वर्षं अंडी देत होती. सगळा गाव तिला लंगडीच म्हणायचा.

मालनबाईने चारही पिल्लं पाटीत घातली, वर गोणपाट टाकलं आणि गोठ्याकडे गेली.

“किती निघाले, आई?” चुलीपाशी आल्यावर वेदिकाने विचारलं.

चार म्हटलं तर हिच्या मनात काय येईल? चार माना. पोटावर हात ठेवून बसलेल्या पोरीच्या कानात चार माना घालायच्या?

“दोन,” ती म्हणाली.

त्यापुढच्या दिवशी पाच निघाली. मग सहा. मग सात. रोज वेदिका विचारी आणि रोज मालनबाई दोन म्हणे. सहा निघाली त्या दिवशी तिला डॉक्टरच्या फोनची आठवण झाली. पण फोन म्हटला की डॉक्टर येणार, डॉक्टर आला की पोरीसमोर मारामारीचंच बोलणं होणार. आणि तिच्या लेखी यातलं एकही मेलेलं नव्हतं. जितं आहे त्याची तक्रार कशाची करायची?

गोठ्यात चार डालगी पालथी होती. सकाळी वेदिका औषधाचं पाणी भरायला गेली की मालनबाई एकेक डालगं मागच्या अंगाला उन्हात ओढी. भात निसवलं होतं, पाऊस मधूनच येऊन झोडपून जाई, ऊन मिळेल तेवढं मिळे. शेडमधलं खाद्य तिने पहिल्या दिवशी मूठभर आणलं होतं, पण त्याला उग्र, कुबट वास आला. कंपनीचा माल असाच असेल म्हणून तिने ते उकिरड्यावर टाकलं आणि घरच्या तांदळाच्या कण्या शिजवून घातल्या. पाण्यात चिमूट हळद. संध्याकाळी ती एकेकाचे पाय मांडीवर घेऊन कोमट तेलाने चोळी. तिसऱ्या दिवशी पहिल्या चारांतलं एक उभं राहिलं, डुगडुगलं, आणि कणीवर चोच मारून पडलं. मालनबाई एकटीच हसली.

बयाबाई डोकावली त्या दिवशी. “काय गं मालन, पांढरे पाहुणे कोनचे?”

“वरडू नको. सुनेला ठाव नाय.”

“सासू लपवतीय आन सून शोधतीय! उलटंच हाय तुमच्या घरात.” बयाबाई एक पिल्लू हातात घेऊन उलटंसुलटं बघत म्हणाली, “भरल्यात बरी. माझ्याकडं दे की दोन.”

“आधी पायावर तर ऱ्हाऊ दे.”

सोळाव्या दिवशी सकाळी शेडमधून वेदिकाची किंकाळी आली.

मालनबाई चहाचं आधण तसंच सोडून धावली. गुडघ्यांचं काही आठवलं नाही तिला. वेदिका मधोमध उभी होती, दोन्ही हात डोक्यावर. उजव्या भिंतीच्या कडेने, जिथे रोज पाच-सात दिसत तिथे, पिल्लांची ओळच्या ओळ बसली होती. एक पाय पुढे, एक मागे. काही पंख टेकून सरकायला बघत होती. काही मेली होती आणि त्यांच्यावरून चांगली पिल्लं पळत होती.

“आई, रात्रीत काय झालं हे? काल तर दोनच होते ना?”

मालनबाईने गोठ्याच्या दाराकडे बघितलं.

प्रफुल्ल तासाभरात मोटरसायकलवरून आला. तिशीतला, बारीक अंगाचा, बूट दारातल्या औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय आत पाऊल न टाकणारा. तो थेट भिंतीकडे गेला. उकिडवा बसला, एक उचललं, बोटं बघितली, डोळे बघितले, चोच उघडून बघितली. मग मेलेलं एक बाहेर नेऊन पालथ्या घमेल्यावर फाडलं. मालनबाईने मध्ये उभी राहून वेदिकाला ते दिसू दिलं नाही.

“लिव्हर पिवळं पडलंय,” तो म्हणाला. “ताई, बसायला कधीपासून लागले?”

“आजच, सर. त्याआधी रोज दोन निघायचे.”

“चौसष्ट मोजले मी आत्ता. दोनाचे एका रात्रीत चौसष्ट होत नाहीत. आधी पाच होतात, दहा होतात. नीट आठवा.”

“मी खोटं कशाला बोलू, सर? माझं शेड आहे हे.” वेदिकाचा आवाज फाटला. “रोज विचारत होते मी. दोनच.”

“रोग असला तर सगळी बॅच जाळावी लागेल. मला खरं कळायला हवं.”

जाळावी लागेल. चार हजार. मालनबाईने शेडच्या खांबाला हात लावला. खांब गार होता.

“दोन नव्हते,” ती म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

“चार हुते. मग पाच, सहा, सात. तिला नाय सांगितलं मी.”

“आणि पुरले कुठे?” प्रफुल्लने विचारलं.

“पुरले नाय.”

ती पुढे चालली. दोघं मागून आले. गोठ्यात अंधार होता, तिने दार पुरतं उघडलं आणि पहिलं डालगं उचललं. मग दुसरं. मग बाकीची दोन. बावीस पांढरी पिल्लं उजेडाने गोंधळून क्षणभर थांबली आणि मग तिच्या पायाशी धावली. धावली म्हणजे कोणी लंगडत, कोणी पंखाचा आधार घेत. पण पंधरा-सोळा तरी पायांवर होती.

वेदिका सासूकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. रस्त्याने जाताना ओळखीच्या घराला कुलूप दिसावं तशी ती बघत होती. मालनबाईला राग परवडला असता.

“आई, तुम्ही मला दोन सांगितलंत.”

“तुझ्या पोटासाठी, पोरी. एवढं मारल्याचं तुझ्या कानावर...”

“माझ्या पोटासाठी?” वेदिका म्हणाली.

प्रफुल्ल मात्र खाली बसला होता. “आजी, यांना खायला काय घातलंत?”

“तांदळाच्या कण्या. हळदीचं पाणी.”

“शेडमधलं खाद्य?”

“नाय. कुबट वास येत व्हता. कणगीतलं भात भिजून बुरसलं की येतो तसा.”

तो ताडकन उठला आणि शेडच्या कोठारात शिरला. उजव्या भिंतीला योगेशने पोती रचली होती, पाळीवर जायच्या घाईत, खाली फळी न घालता, पत्र्याच्या गळक्या सांध्याखाली. प्रफुल्लने तळचं पोतं ओढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तेव्हा मुठीत हिरवट, गरम गाठी होत्या.

“रोग नाही,” तो म्हणाला आणि त्याचे खांदे खाली आले. “बुरशी. विष झालंय याचं. एक कणही आता घालू नका. बाकीची बॅच वाचेल.” मग तो मालनबाईकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. “आजी, सहा झाले त्या दिवशी फोन आला असता तर आत ती रांग बसली नसती. हे दोन दिवस ते विष खात होते.”

सत्तर वर्षांच्या बाईला कोणी इतक्या हळू आवाजात रागावलं नव्हतं. ती मान खाली घालून उभी राहिली. कुबट वास तिला आला होता. सगळ्या घरात फक्त तिच्याच नाकाला आला होता.

प्रफुल्लने घोटीच्या गोदामात फोन लावला. गाडी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती, म्हणून तो स्वतःच टेम्पो घेऊन यायला निघाला. जाताना हातमोजे काढत म्हणाला, “मी येईपर्यंत जे उठू शकत नाहीत ते सगळे काढून ठेवा. खड्डा करा, चुना टाका. आणि ते गोठ्यातलेपण.”

“ते?” मालनबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “ते चालाया लागले, डॉक्टर.”

“शेडबाहेर गेलेला पक्षी परत आत घेता येत नाही. आणि आवारात वेगळा ठेवता येत नाही.”

“मग बयाबाईकडं नेते. लांब हाय तिचं घर.”

“तिथे गावठी कोंबड्या आहेत. तुम्ही त्यांना बघायला जाणार, तुमच्या पायाला लागून काय येईल ते इथल्या चार हजारांत शिरणार. बयाबाई इथे येऊन यांना हात लावून गेल्या का?”

मालनबाई पदराचं टोक पिळत राहिली.

“बघा,” तो म्हणाला, आणि मोटरसायकल सुरू करून गेला.

अंगणात दोघीच उरल्या. योगेशची पाळी साडेतीनला सुटणार होती, आणि सुटली असती तरी त्याला हे करायचं नव्हतंच, नेम त्यालाही होता. वेदिकाने ओढणी कमरेला बांधली आणि बाह्या वर सारल्या.

“हात लावू नको,” मालनबाई म्हणाली. “मी करते.”

“तुम्ही नाही करत, आई.” वेदिका तिच्याकडे न बघता म्हणाली. “चार दिवस नाही केलंत.”

थोबाडीत मारावी तसं ते लागलं. मालनबाईने पदर खोचला, वेदिकाच्या हातातली पाटी काढून घेतली आणि गोठ्याच्या दारात पिढ्यावर बसली. “शेडमधली मागनं. आधी ही. तू तिकडं तोंड कर.”

पहिलं जे हाताला आलं ते तिला ओळखू आलं. डोक्यावर पिवळा ठिपका असलेलं, सर्वांत आधी उभं राहिलेलं. ते तिच्या पदरात कणी शोधत होतं. तिने पाय धरले, बोटं मानेमागे घातली, ओढलं. काही झालं नाही. पिल्लू चिरकलं. तिने पुन्हा ओढलं, आणि ते पुन्हा चिरकलं, पंख तिच्या मनगटावर आपटू लागले. मालनबाईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

“हळू करू नका!” वेदिका पाठमोरी ओरडली. तिने तोंड फिरवलं होतं पण कान बंद केले नव्हते. “आई, हळू केलं की त्याला जास्त होतं. सरळ ओढा आणि एकदम मागे वाकवा. एकदम. दया करायची तर जोर लावा.”

मालनबाईने जोर लावला.

मग तिने थांबायचं नाही असं ठरवलं, कारण थांबली असती तर उठून गेली असती. तेल चोळलेले पाय हातात येत होते, अजून तुकतुकीत. पाचव्याला हाताला रीत सापडली. दहाव्याला तिला कळलं की आपण मोजतोय. बाविसावं तिच्याकडे आपणहून आलं. नंतर ती शेडमध्ये गेली आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर सरकत गेली. तिथे किती झाली ते मात्र तिने मोजलं. वेदिकाने विचारलं नव्हतं तरी दारातून मोठ्याने सांगितलं, “अकरा मेलेली हुती. त्रेपन्न मी.”

खड्डा वेदिकाने खणू पाहिला. मालनबाईने कुदळही दिली नाही. चुना पसरून माती लोटली तेव्हा दुपार कलली होती.

टेम्पो आला. प्रफुल्लने आणि ड्रायव्हरने पोती उतरवली, फळ्यांवर रचली. योगेश आला, बुरसलेली पोती बघून कपाळावर हात मारून घेतला, आईला काही बोलायला गेला. वेदिकाने त्याला नजरेने गप्प केलं. नवीन दाणं भांड्यांत पडलं तसा शेडमध्ये एकच कालवा उठला. चोचींचा आवाज पत्र्यावरच्या सरीसारखा घरापर्यंत येत होता.

मालनबाईने राखेने हात धुतले. पुन्हा धुतले. ताट समोर आलं तेव्हा उजवा हात मांडीवरून उचललाच नाही तिने. ताट परत गेलं. वेदिकाने ते झाकून ठेवलं. थोड्या वेळाने कपात चहा आणून ठेवला, कप डाव्या हाताशी.

तिन्हीसांजेला वेदिका शेडची शेवटची फेरी मारून आली. पायरीखाली उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“किती?” मालनबाईने विचारलं.

“एक बसलंय. एकच.”

उत्तर फार लवकर आलं होतं. मालनबाईने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. वेदिकाचे डोळे खाली, ओढणीवर होते, आणि ओठ घट्ट मिटलेले.

“एकच ना?”

“हो, आई. तुम्ही बसा. ते सकाळी बघू.”

मालनबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. पायरी उतरताना वेदिकाने दंड धरला तो तिने धरू दिला. दोघी शेडपर्यंत चालत गेल्या. दारातल्या पाण्यात मालनबाईने पाय बुडवले, आत गेली, आणि भिंतीच्या कडेने वाकून बघत बघत टोकापर्यंत जाऊन आली.

“नऊ हायेत,” ती म्हणाली. “लाव डॉक्टरला फोन.”